डिसोझा कोणत्या देशाचे?

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उत्तनची बस धरली म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक मागे पडतात, आणि डोंगरीचा चढ येईपर्यंत रस्त्याच्या कडेला क्रूस दिसू लागतात. दारांवरची नावे वाचीत गेले तर डिसोझा, परेरा, मेंडोन्सा अशी आडनावे भेटतात. दारात जाळे सांधीत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याशी बोलावे तर तो बोलतो ती मात्र आपली मराठीच. उत्तर कोकणातली, जराशा निराळ्या हेलाची, परंतु मराठीच. बाहेरचा पाहुणा हटकून विचारतो, "तुम्ही मूळचे गोव्याचे का हो?" आणि म्हाताऱ्याचा चेहरा उतरतो. "गोव्याचे नव्हे, आम्ही इथलेच," असे तो सांगतो. हे उत्तर त्याने आयुष्यात किती वेळा दिले असेल याची गणती नाही.

विषय फुटबॉलचा आणि आरंभ उत्तनच्या म्हाताऱ्यापासून, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आज फुटबॉलच्या जगात जो प्रश्न वारंवार उभा राहतो, तो याच जातीचा आहे. मुलगा जन्मला एका देशात, आईबाप दुसऱ्या देशातले, आजोबा तिसऱ्या. त्याने खेळायचे कोणाकडून? २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या सव्वीस खेळाडूंपैकी चौदा जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. २०१६ साली युरोपच्या स्पर्धेत स्वित्झर्लंडकडून ग्रानिट जाका खेळला आणि त्याच सामन्यात आल्बानियाकडून त्याचा सख्खा भाऊ तौलांत. हे सारे वाचताना आपल्याला वाटते की ही परक्या मुलखांतली, नव्या काळातली भानगड आहे. वस्तुतः ती आपल्या खाडीच्या काठावर फार जुनी आहे, आणि ती उलगडण्यासाठी एका आडनावाचा धागा पुरेसा आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. भाईंदर हे त्याचे उत्तर टोक. (गोव्यातही एक साष्टी आहे, आणि तिच्या नावाची फोडही तशीच सांगतात. दोन साष्ट्यांच्या या घोळात कितीतरी वाचक फसले आहेत.) पुढची दोन शतके येथे लिस्बनची सत्ता होती. देवळांच्या जागी चर्चे आली, लोकांना नवी नावे मिळाली. नाव मिळाले ते बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा पाठीशी उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज गृहस्थाचे. म्हणून डिसोझा या आडनावावरून रक्ताचा काहीही बोध होत नाही. कोळी कोळीच राहिला, कुणबी कुणबीच राहिला. फक्त त्याचे नाव लिस्बनच्या वहीत लिहिले गेले.

मग मराठे आले. १७३७ मध्ये ठाणे पडले, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत आपल्या भाईंदरजवळच्या धारावीच्या डोंगरासाठी मोठ्या निकराच्या झटापटी झाल्या. ही धारावी मुंबईतली नव्हे, हे या शहराच्या रहिवाशांना सांगायला नको. पण छापील पुस्तक कोठे जाईल याचा नेम नसतो म्हणून सांगून ठेवतो. वसई पडली त्या दिवसापासून उत्तनचा डिसोझा पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन राहिला नाही. तो पेशव्यांचा रयत झाला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि तो कंपनी सरकारचा झाला. माणूस त्याच घरात, त्याच होडीवर. चाळीस वर्षांच्या आत राज्ये मात्र तीन झाली.

इंग्रजी अमदानीत मुंबई वाढली तशी गोव्याहून माणसे येऊ लागली. खलाशी, आचारी, वाजंत्री, कारकून, शिंपी असे नाना धंद्यांचे लोक आले आणि धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत आपापल्या गावाच्या नावाने 'कूड' काढून राहू लागले. त्यांची आडनावेही डिसोझा, परेरा, मेंडोन्सा. इंग्रज साहेबाला दोघांत फरक कळेना. तो दोघांनाही 'पोर्तुगीज' म्हणे. येथल्या ख्रिस्ती लोकांना यात मोठा अन्याय वाटला. नोकऱ्यांची चढाओढ होतीच. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा साष्टी, वसई आणि मुंबईच्या या मूळ ख्रिस्ती समाजाने स्वतःला 'ईस्ट इंडियन' असे नाव घेतले. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या प्रजेपैकी, पोर्तुगालशी आमचा संबंध नाही, असा त्या नावाचा आशय होता. आज ते नाव कानाला विचित्र लागते. इंग्रज कंपनीचे नाव आपल्या कपाळी लावून घ्यावे हे काही मोठे अभिमानाचे नव्हे, असे मला वाटते. परंतु एका समाजाने आपण कोण हे जाहीरपणे ठरवले, आणि ते ठरवताना वंश किंवा धर्म यांपेक्षा आपण कोणत्या राज्यात राहतो हे प्रमाण मानले, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. उत्तनच्या म्हाताऱ्याचा राग तेथून चालत आला आहे.

असे हे दोन डिसोझा. एक उत्तनचा, १७३९ पासून पोर्तुगालला पारखा झालेला. दुसरा बार्देशातला किंवा गोव्याच्या साष्टीतला, कागदोपत्री पोर्तुगालचा, पण पोटासाठी मुंबईत. आता फुटबॉलच्या मैदानावर येऊ.

१९५६ च्या डिसेंबरची पहिली तारीख. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता येथवर आला होता, आणि यजमानांना सामना सोपा वाटत होता. भारताने तो ४–२ असा जिंकला. त्यांपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा नावाच्या सेंटर फॉरवर्डने केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला. पुढे आपण १–४ असे हरलो, तिसऱ्या जागेचा सामनाही बल्गेरियाने घेतला, आणि भारत चौथा आला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या त्या संघाहून वरचा क्रमांक भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी गाठला नाही. स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचे नाव आहे.

नेव्हिल मुंबईचा खेळाडू. टाटा स्पोर्ट्स आणि कॅलटेक्सकडून तो कूपरेजवर खेळे. घराणे मात्र गोमंतकातले. आणि १९५६ साली गोमंतक कोठे होते? आदल्याच वर्षी १५ ऑगस्टला सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या. मराठी मुलखातून गेलेले ना. ग. गोरे गोव्याच्या तुरुंगात होते. भारत सरकारने नाकेबंदी केली होती. रेल्वे बंद, येण्याजाण्यावर परवान्याची अट. मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या माणसाला गावच्या फेस्ताला जायचे तर दोन सरकारांच्या दारांत उभे राहावे लागे. सालाझारने १९५१ सालीच गोव्याला 'वसाहत' म्हणणे सोडून 'सागरापलीकडचा प्रांत' असे नाव दिले होते. म्हणजे लिस्बनच्या हिशेबी आसगावचा, म्हापशाचा, मडगावचा माणूस हा पोर्तुगीज राष्ट्राचा घटक. आणि त्याच मातीतल्या घराण्याचा मुलगा मेलबर्नला भारताचा तिरंगा छातीवर घेऊन गोल करीत होता. वर्तमानपत्रांनी त्याच्या तीन गोलांचे कौतुक केले. मला मात्र त्या गोलांचे मोल दिल्लीच्या संयुक्त राष्ट्रसंघातल्या एखाद्या भाषणाहून कमी वाटत नाही. गोमंतकीय माणूस कोणाचा, या वादात ते तीन साक्षीपुरावे होते.

या वादाचे मूळ त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांनी आधीच उघडे केले होते. चांदोरचे हे विद्वान गृहस्थ फ्रान्समध्ये शिकलेले. १९४४ साली त्यांनी गोमंतकीयांच्या 'विराष्ट्रीयीकरणा'वर एक पुस्तिका लिहिली. माणसाला आपल्याच मुलखात परका करून सोडण्याची ही राजनीती आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा देह १९५८ साली मुंबईत पडला. मुक्त गोवा त्यांना पाहायला मिळाला नाही.

तथापि नेव्हिलच्या उदाहरणावरून गोमंतकीय म्हणजे सहजच भारताचा, असा निष्कर्ष काढायला धावू नये. इतिहास इतका सरळ असता तर व्याख्यानाची गरजच पडली नसती. दुसरा एक डिसोझा पाहा. आंताव डिसोझा, जन्म १९३९, गाव गोव्यातले नागवे. याने कसोटी क्रिकेट खेळले, १९५९ ते १९६२ या काळात सहा सामने. आणि खेळला तो पाकिस्तानकडून. कराचीत गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. मुंबईत जशी माणसे पोटासाठी आली तशीच कराचीतही गेली. वॉलिस मथायस हा त्यांपैकीच, कराचीत जन्मलेला. पाकिस्तानकडून कसोटी खेळणारा तो पहिला गैरमुसलमान. १९४७ पूर्वी मुंबई आणि कराची ही एकाच इंग्रजी राज्याची दोन बंदरे होती. बापाने कोणत्या आगबोटीचे तिकीट काढले, एवढ्यावरून पुढे मुलाचा देश ठरला. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात वॉल्टर डिसोझा होता. १९५६ ला फुटबॉलमध्ये नेव्हिल. १९५९ ला पाकिस्तानच्या क्रिकेट संघात आंताव. एक आडनाव, दहा-बारा वर्षांचा काळ आणि दोन परस्परविरोधी राष्ट्रे.

तिसरी आगबोट पूर्व आफ्रिकेला जात असे. मोंबासा आणि नैरोबी येथे रेल्वेत, कचेऱ्यांत गोमंतकीय कारकून भरलेले होते. मोंबासाचा सेराफिनो आंताव हा धावपटू त्यांच्यातलाच. १९६२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे राष्ट्रकुलाच्या सामन्यांत त्याने १०० आणि २२० यार्डांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. केनियाला त्या सामन्यांतले पहिले सुवर्णपदक त्याने मिळवून दिले. स्वतंत्र केनियाचा संघ १९६४ ला टोकियोच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा त्या नव्या देशाचा ध्वज या गोमंतकीयाच्या हातात होता. केनियाच्या हॉकी संघात तर त्या काळी फर्नांडिस, मेंडोन्सा, डिसोझा अशा नावांची रांगच होती. या माणसांनी देश 'निवडला' असे आपण आज म्हणतो. त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, "निवडायचे काय त्यात? आम्ही येथे होतो."

हाच मुद्दा मला आग्रहाने मांडायचा आहे. वारसा आपण घेऊन येतो, तो कोणी निवडीत नाही. देशही बहुतेकांनी निवडलेला नसतो. सरहद्द पायाखालून सरकते आणि माणूस उभ्या जागी दुसऱ्या देशाचा होतो. निवड करण्याची पाळी फार थोड्यांवर येते, आणि ती येते तेव्हा तिची किंमत किती हे रक्त ठरवीत नाही. ते त्या त्या वेळची राज्ये आणि त्यांचे कायदे ठरवतात. म्हणून खेळाडूची परीक्षा घेण्याआधी त्याला कोणत्या सालात आणि कोणत्या कायद्याखाली निवड करावी लागली, हे पाहिले पाहिजे.

पोर्तुगालचेच पाहू. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालने तिसरा क्रमांक मिळवला. नऊ गोल करणारा युसेबियो त्या स्पर्धेतला सर्वांत मोठा गोलकर्ता. तो लोरेंसु मार्किश येथे, म्हणजे आजच्या मापुतोत, जन्मला. संघातला कोलुना हाही मोझांबिकचाच. त्या दोघांना दुसरा देशच नव्हता. मोझांबिक स्वतंत्र झाले १९७५ साली. सालाझारचे सरकार त्यांच्या गोलांकडे बोट दाखवून म्हणे, पाहा, आमचे राष्ट्र किती खंडांवर पसरले आहे! गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला नसता तर एखादा मडगावचा किंवा वास्कोचा पोरगा त्या संघात दिसला नसता असे कोणी सांगावे? चेंडू तेथे भरपूर होता. विल्यम लायन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८८० च्या दशकात शिवोलीत फुटबॉल आणला आणि बार्देशातल्या शाळाशाळांत तो पसरला. राज्य पोर्तुगीजांचे आणि फुटबॉल आणला इंग्रजाने, हा विनोद गोमंतकीयच सांगू जाणे.

याच्या अगदी उलट उदाहरण अल्जीरियाचे. तेही तेव्हा कायद्याने फ्रान्सचाच भाग समजले जाई. १९५८ च्या एप्रिलमध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर आला असताना, फ्रान्समध्ये व्यवसाय म्हणून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप सरहद्द ओलांडून ट्यूनिसला गेले आणि त्यांनी स्वातंत्र्य चळवळीचा संघ उभा केला. रशीद मेखलूफी आणि मुस्तफा झितूनी हे त्यांतले दोघे. फ्रान्सच्या विश्वचषकाच्या संघात त्यांची निवड जवळजवळ निश्चित होती. फिफाने त्यांचा संघ मान्य केला नाही. जो देश अजून नकाशावर नाही त्याच्यासाठी त्यांनी पगार, कीर्ती आणि विश्वचषक सोडला, आणि चार वर्षे तो संघ देशोदेशी खेळत हिंडला. येथे मात्र 'निवड' हा शब्द पूर्ण अर्थाने वापरता येतो. नेव्हिलपुढे अशी कसोटी आली नव्हती, ती मेखलूफीपुढे आली. दोघांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

त्या काळी दुसऱ्याही प्रकारच्या निवडी चालत, आणि त्यांत देशप्रेमाचा लवलेश नसे. लुईस मोंटी १९३० चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ चा इटलीकडून. आल्ताफिनी १९५८ ला ब्राझीलचा, १९६२ ला इटलीचा. पुष्काश हंगेरीचा, आणि १९६२ ला स्पेनचा; पण त्याच्या पाठीशी १९५६ चे हंगेरीतले रणगाडे होते, हे विसरू नये. हा बाजार फार वाढला तेव्हा फिफाने १९६० च्या दशकात नियम केला की एका देशाकडून खेळलेला खेळाडू पुन्हा दुसऱ्याकडून खेळणार नाही. पुढे २००० नंतर तो टप्प्याटप्प्याने सैल झाला. आज ज्याच्या हाती त्या देशाचे नागरिकत्व आहे, आणि ज्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा त्या भूमीत जन्मले आहेत, त्याला वाट मोकळी आहे. आधी दुसरीकडे थोडे खेळला असला तरी काही अटींवर बदल करता येतो. आजी कोठे जन्मली याचा दाखला फुटबॉलच्या कचेरीत मागितला जातो, हे आपल्या आज्यांना सांगितले असते तर त्या खूप हसल्या असत्या.

फिफाने वाट सैल केली तरी भारताचा दरवाजा अरुंदच आहे. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते, असे त्याचे नववे कलम सांगते. १९५५ हे साल कोणते, ते पुन्हा आठवा. फाळणीच्या जखमा ओल्या, आणि गोव्यात लिस्बन म्हणत आहे की येथला प्रत्येक माणूस आमचा नागरिक. अशा काळात दिल्लीला दुहेरी नागरिकत्वाचा धाक वाटला असेल तर त्यात नवल नाही. कायदा करणाऱ्यांना फुटबॉल डोळ्यांसमोर नव्हता; पण त्याची झळ फुटबॉललाही लागली.

गोव्यात तर ती घरोघरी लागली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिकत्व देऊ करते. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण माणसांवरचा हा जुना धागा तोडला नाही. त्या पासपोर्टवर गोमंतकीय लिस्बनला गेले आणि तेथून इंग्लंडला. स्विंडन गावात त्यांची वसाहतच झाली. येथे मला उत्तनची आठवण होते. उत्तनच्या डिसोझाचे आडनाव तेच, प्रार्थना त्याच, पण त्याला लिस्बन पासपोर्ट देत नाही. कारण त्याच्या गावावरचे पोर्तुगीज निशाण १७३९ ला उतरले आणि आसगावचे १९६१ ला. दोघांत अंतर आहे ते फक्त २२२ वर्षांचे. चिमाजी अप्पांच्या तोफांनी उत्तनच्या पणतवंडांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवला, असे गमतीने म्हणता येईल.

गोव्याच्या मुलाला मात्र तो सोडवावा लागतो. गोव्याने या देशाच्या फुटबॉलला किती दिले! ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर हा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. संतोष चषक गोव्याने १९८३ ला बंगालबरोबर वाटून घेतला आणि १९८४ ला एकट्याने जिंकला. अशा भूमीतला एखादा वीस वर्षांचा चांगला खेळाडू पोर्तुगीज पासपोर्ट घेतो तेव्हा भारताची जर्सी त्याला कायमची मिटते. काही लोक त्याला देशद्रोहापर्यंत नेऊन ठेवतात. मला हे बोलणे पोरकट वाटते. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. गुडघा गेला की संपले. पासपोर्ट हा त्याच्या बायकोमुलांना, म्हाताऱ्या आईबापांना पुरणारा. जो माणूस बोटीवर जाण्यासाठी तो घेतो त्याला आपण काही म्हणत नाही, मग मैदानावरच्यालाच का म्हणावे?

शिवाय आपली स्वतःची वागणूक तरी एकसारखी कोठे आहे? मुंबईत जन्मलेला आणि आठव्या वर्षी आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल २०२१ च्या डिसेंबरात वानखेडेवर भारताविरुद्ध उतरला आणि एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. हरकत घ्यायची तर तेव्हा घ्यायची. वानखेडेने टाळ्या वाजवल्या, आणि योग्य केले. जबलपूरचे पिअर्स बंधू ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले; त्यांतला एरिक १९५६ पासून चार ऑलिंपिकांत. त्यांचाही आम्हाला अभिमान. दूर गेलेल्याच्या यशात वाटा मागायचा आणि जवळच्याच्या पोटाची चौकशी करायची, हे बरे नव्हे.

प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. परदेशात जन्मलेल्या, भारतीय आईबापांच्या मुलांना भारताकडून का खेळू देऊ नये? परदेशस्थ भारतीयांना २००५ पासून 'ओसीआय' कार्ड मिळू लागले, आणि त्यावर काही टेनिसपटू भारताकडून खेळलेही. २००८ च्या डिसेंबरात क्रीडामंत्रालयाने ते बंद केले. भारतीय पासपोर्ट असेल तोच भारताकडून खेळेल, असा नियम झाला. मला विचाराल तर नियम कठोर आहे, पण अप्रामाणिक नाही. विश्वचषक लांब आहे म्हणून परदेशातून अकरा आडनावे गोळा करून आणावी, यात मला फुटबॉलची भरभराट दिसत नाही. ती भाईंदरच्या मैदानांवर मुले खेळू लागली तर होईल. मात्र ज्याला खरोखर यायचे आहे त्याच्याकडून आपण केवढी किंमत घेतो, याची जाणीव तरी असावी.

ती किंमत दोघांनी मोजली. पहिला इझुमी अराता. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती. तो २००६ मध्ये भारतात खेळायला आला. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून कित्येक हंगाम खेळला. पुण्याच्या प्रेक्षकांना तो घरचाच. जपानही दुसरे नागरिकत्व चालू देत नाही. २०१२ साली त्याने जपानचे सोडले, भारताचे घेतले, वडिलांकडचे नीलकंठ खंभोळजा हे नाव लावले, आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. फार सामने त्याच्या वाट्याला आले नाहीत. ज्या पासपोर्टवर निम्मे जग बिनदिक्कत फिरता येते तो त्याने एवढ्यासाठी परत केला.

दुसरा रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. सेराफिनो आंताव ज्या गावी केनियासाठी धावला, तेच हे गाव. विल्यम्सची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबात जन्मलेली. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातली किती घरे उठून ऑस्ट्रेलियाला गेली, हे भायखळ्याच्या जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. विल्यम्स इंग्लंडमध्ये खेळला, २०१९ ला ऑस्ट्रेलियाकडूनही एक सामना खेळला, २०२३ मध्ये बंगळूरच्या संघात आला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, आणि नवा पासपोर्ट सुनील छेत्रीने त्याच्या हाती ठेवला. एक सामना आधी झालेला होता म्हणून फिफाची परवानगी, ऑस्ट्रेलियाच्या संघटनेचा कागद, असे सोपस्कार त्याला करावे लागले.

त्याच्या आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट हे फुटबॉल खेळत. १९५० च्या दशकात, म्हणजे नेव्हिल डिसोझाच्याच काळात, ते संतोष चषकात मुंबईकडून खेळले होते. तेव्हा त्यांना कोणी पासपोर्ट विचारला नव्हता.